अठ्ठावन्न किलोमीटर बाकी

१

आधी माफी मागतो. शाळा नववीतच सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचं आणि माझं कधी जमलं नाही. शब्दही साधेच आहेत, गॅरेजातले. ही गोष्ट मी तीनदा 'मी' म्हणून लिहायला घेतली आणि तीनदा कागद फाडला. 'मी' लिहिलं की पेन पुढे सरकत नाही. म्हणून 'तो' म्हणतो. तो म्हणजे कोण हे वाचणाऱ्याला कळेलच, लपवायचं काही नाही.

तर तो. वय सव्वीस, उंची सहा फूट दोन, बोलणं कमी. त्याचं गाडी वर उचलायच्या एका लिफ्टचं छोटं गॅरेज होतं आणि त्यात येणाऱ्या गाड्या सगळ्या जर्मन, त्यातही बहुतेक जुन्या डिझेल. लोक जुनी गाडी घ्यायच्या आधी त्याच्याकडे आणायचे. तो ऑइलचं झाकण उघडून वास घ्यायचा, थंड इंजिनावर पहिली चावी स्वतः मारायचा आणि लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावून एकेक इंजेक्टर ऐकायचा. मग स्कॅनर जोडायचा. या गाड्यांचा कॉम्प्युटर सगळं लिहून ठेवतो. काय बिघडलं, किती वेळा बिघडलं, आणि तेव्हा गाडी किती किलोमीटर चालली होती तेही.

ज्या मिस्त्रीकडे तो काम शिकला, त्याचा एक नेम होता. स्कॅनरवर बिघाडाचा कोड दिसला की आधी पुसायचा, मग गाडी चालवायची. 'जे परत येतं तेच खरं,' असं मिस्त्री म्हणायचा. बाकीचं म्हणजे गाडीचं म्हातारपण.

त्या वर्षी त्याच्या ताईला गाडी हवी होती. ताईची मुलगी, घरात तिला सगळे चिमणी म्हणतात, बारा वर्षांची. तिच्या गुडघ्याचं मोठं ऑपरेशन झालं होतं आणि पाय वाकत नव्हता. व्यायामाला रोज अकरा किलोमीटर जायचं, अकरा यायचं. डॉक्टर म्हणाले होते, दोन महिने एक दिवस चुकवू नका, नाहीतर पाय तसाच राहील. मागच्या सीटवर पाय मावेना. पुढची सीट पूर्ण मागे सरकेल अशी मोठी गाडी हवी होती.

"तू हो म्हटलंस की घेतली," ताई म्हणाली. "मला त्यातलं काही विचारू नकोस. मला रंग तेवढा कळतो."

२

गाडी होती एका निवृत्त नकाशे काढणाऱ्या गृहस्थांची. भक्कम डिझेल, चालायला वाघ, आणि अशी राखलेली की दाराच्या फटीतसुद्धा धूळ नाही. सीटा बटणानं सरकणाऱ्या. प्रत्येक सर्व्हिसचा कागद तारखेवार फाईलला लावलेला. मीटरवर एक लाख सत्त्याऐंशी हजार सहाशे चाळीस.

चालवून बघायला त्यानं ड्रायव्हरची सीट मागे घेतली. ती गुणगुणत गेली ती पार शेवटच्या टोकाला जाऊन थांबली. मागे भाऊजी बसले होते, ताईचे यजमान. त्यांनी गुडघे पोटाशी घेतले.

"लांब्या, जरा डिकीत जाऊन बस ना. मला पाय आहेत रे."

"सॉरी भाऊजी."

"तुझ्यासाठी छताला भोक पाडून घेऊ."

गाडी सुरेख चालली. परत आल्यावर त्यानं स्कॅनर लावला. एकच कोड होता. ड्रायव्हरचा सीटबेल्ट, धडकेच्या वेळी पट्टा ओढून धरणारा भाग, बिघाड. शेजारी किलोमीटर लिहिले होते, एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार दोनशे चार.

त्यानं मीटर पाहिला. परत कोड पाहिला. बिघाडाचा आकडा मीटरच्या पुढे होता, पाचशे चौसष्ट किलोमीटर पुढे.

आमच्या धंद्यात याचा एकच अर्थ असतो. कुणीतरी मीटर मागे फिरवलाय. त्याचे कान तापले. लाजाळू माणूस चिडला की त्याला मऊ शब्द सापडत नाहीत.

"काका, मीटर फिरवलेला आहे हा."

म्हाताऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "कोण म्हणतं?"

"मशीन."

"तुझ्या मशीनला खोटं बोलता येतं का?"

"नाही."

"मलाही येत नाही. आता आमचं दोघांचं कसं जमवायचं ते तूच बघ."

भाऊजींनी त्याला बाजूला घेतलं. "पाचशे किलोमीटरसाठी मीटर कोण फिरवतं रे? फिरवायचाच तर माणूस पन्नास हजार फिरवेल."

बोलणं सरळ होतं. गाडी उत्तम आहे हे त्याच्या कानांना कळत होतं, आणि चिमणीचे दिवस चालले होते. त्यानं नेमाप्रमाणे कोड पुसला, हो म्हटलं, आणि म्हाताऱ्यांची माफी न मागताच निघाला.

३

महिना व्हायला चार दिवस कमी असतील. ताई सकाळीच गाडी घेऊन गॅरेजवर आली. चिमणी पुढच्या सीटवर पाय लांब करून बसली होती.

"मामा, माझा पाय चाळीसपर्यंत वाकतो आता."

"कशाचे चाळीस?"

"अंशांचे. तुला नाही कळणार, तू नववी नापास."

"नापास नाही गं. सोडली."

"तेच ते," चिमणी म्हणाली आणि हसली.

ताईनं मीटरकडे बोट दाखवलं. बेल्टचा लाल दिवा कालपासून पेटून राहिला होता. त्यानं दोघींना भाऊजींनी त्या दिवसापुरती मागून घेतलेल्या ऑफिसच्या गाडीनं व्यायामाला पाठवलं आणि स्कॅनर लावला.

आता कोड तीन होते. ड्रायव्हरचा बेल्ट. शेजारच्या सीटचा बेल्ट. आणि ब्रेक, अचानक पूर्ण दाब. तिन्हींच्या शेजारी तोच आकडा, एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार दोनशे चार.

मीटरवर एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार एकशे सेहेचाळीस.

अठ्ठावन्न किलोमीटर बाकी.

'बाकी' हा शब्द त्याच्या मनात आपोआप आला. बिघाड मागे असतो, झालेला असतो. त्याला 'बाकी' कुणी म्हणत नाही. तो स्टुलावर बसला आणि बराच वेळ उठला नाही.

४

त्यानं डोकं ताळ्यावर ठेवायचा प्रयत्न केला. या गाडीत किलोमीटर एकाच ठिकाणी नसतात. मीटरमध्ये असतात, चावीत असतात, इंजिन आणि ब्रेकच्या कॉम्प्युटरमध्येही असतात. मीटर फिरवणारा एखादं ठिकाण हमखास विसरतो. त्यानं सगळी ठिकाणं वाचली. सगळीकडे एकशे सेहेचाळीस. कुणी काही फिरवलेलं नव्हतं.

मग स्कॅनर खराब असेल. शेजारच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्याचा आणला. तोच आकडा.

मग त्यानं तिन्ही कोड पुसले, चावी बंद केली, दहापर्यंत मोजलं, चावी लावली. तिन्ही परत आले. पुन्हा पुन्हा पुसले, आणि चौथ्यांदा चार आले. चौथा होता, इंजिन चालू असताना बंद पडलं. मिस्त्रीचा नेम त्यानं आयुष्यभर पाळला होता, पण जे अजून झालंच नाही ते परत कसं येईल, हे मिस्त्रीनं शिकवलं नव्हतं.

त्यानं म्हाताऱ्यांना फोन केला.

"काका, मी गॅरेजवाला. तुमचा मीटर खरा होता. मी तुम्हाला भलतंच बोललो. माफ करा."

"अरे, मला माहीत होतं की तो खरा आहे. तू कशाला जिवाला लावून घेतोस?" थोडं थांबून त्यांनी विचारलं, "गाडी ठीक आहे ना? तुझा आवाज असा का येतोय?"

"काका, ही गाडी चालवताना तुम्हाला कधी काही... वेगळं वाटलं?"

"एकदाही नाही. बारा वर्षांत एकदाही नाही. म्हणून तर विकताना डोळ्यांत पाणी आलं. का रे?"

"काही नाही," तो म्हणाला. म्हातारे खरं बोलत होते. तिकडेही काही धागा नव्हता.

५

संध्याकाळी ताई आणि भाऊजी गाडी न्यायला आले.

"टर्बो गेलाय," तो म्हणाला. "गाडी इथेच राहू दे."

भाऊजी म्हणाले, "महिन्यापूर्वी तर टर्बो टकाटक आहे म्हणालास. जिभेला हाड नाही म्हणतात ते असं."

"बिघडतं कधी कधी."

"आणि चिमणी?" ताईनं विचारलं. "बसनं गेली तर पाय कुठे ठेवणार ती? लोक तुडवतात."

ताईनं थोडा विचार केला आणि तिचा चेहरा उजळला.

"असं कर. उद्यापासून तूच ने तिला, याच गाडीनं. तू हळू चालवशील, टर्बो का काय ते जपशील. तुझ्या हातात असली की मलाही घोर नाही. आणि तिलाही मामा हवाच असतो."

किती साधी गोष्ट होती. त्यालाही क्षणभर तेच बरं वाटलं. आपण असू, डावीकडून जाऊ, तीसच्या वर काटा जाऊ देणार नाही. दोन दिवसांत चव्वेचाळीस होतील, आणि मग थांबू. त्यानं चावी उचललीसुद्धा.

आणि तिथेच तो थांबला. टर्बोचं खोटं तो बोलला ते गाडी थांबवायला. त्याच खोट्यानं गाडीची चावी आता त्याच्या हातात दिली होती, आणि चिमणीला शेजारच्या सीटवर बसवलं होतं. अडवायला म्हणून त्यानं जे केलं, त्यातूनच त्या आकड्याकडे जाणारी वाट तयार झाली होती.

"नाही जमणार," तो म्हणाला.

"काम आहे?"

"नाही."

"मग?"

त्यानं चावी खिळ्याला अडकवली. ताईनं पर्स खांद्याला लावली. तिला राग आला की ती ओरडत नाही, हळू बोलते.

"आई गेल्यापासून तुझ्याकडे काही मागितलं नाही मी. हे पहिलं."

भाऊजींनी जाताना त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण विनोद केला नाही. दुसऱ्या दिवशी दोघी बसनं गेल्या. कुणाची तरी बॅग चिमणीच्या गुडघ्यावर आदळली आणि ती येताना रडत आली, हे त्याला भाऊजींनी फोनवर सांगितलं.

६

गाडी नुसती ठेवून देणं हा उपाय नव्हता. ठेवली तर कधीतरी कुणीतरी चालवेल. विकली तर दुसऱ्या कुणाच्या तरी शेजारी कुणाची तरी चिमणी बसेल. आकडा पुढे उभाच राहणार. तो ओलांडायला हवा होता, पण कुणी आत नसताना.

हे सुचायला गॅरेजवालाच लागतो. चाकं हवेत फिरली तरी मीटर चालतो.

सुट्टीचा वार होता. भर सकाळी, शटर पूर्ण उघडं ठेवून त्यानं गाडी लिफ्टवर घेतली आणि चाकं जमिनीपासून हातभर उचलली. काचेतून आतलं दिसेल एवढीच उंची. धुराची नळी गॅरेजच्या खिडकीबाहेर काढली. इंजिन चालू केलं, उघड्या दारातून वाकून पाचवा गिअर टाकला आणि क्लच एका फळीनं हळूच सोडला. पुढची चाकं फिरू लागली, काटा तिसाच्या थोडा पुढे जाऊन स्थिरावला. म्हणजे पावणेदोन तास. सीट ताईच्या मापाची होती, स्टिअरिंगला चिकटलेली. दोन्ही बेल्ट दाराजवळच्या आपापल्या खांबाला लोंबत होते. त्यानं दार लोटलं आणि चार पावलांवर स्टूल टाकलं.

ब्रेकचा पिवळा दिवा लागला. लागणारच. पुढची चाकं पळतायत आणि मागची उभी आहेत, कॉम्प्युटर गोंधळतो. हे त्याला माहीत होतं. माहीत असलेल्या गोष्टीनं त्याला बरं वाटलं.

चाळीस बाकी. तीस. डिझेलचा एकसुरी घरघराट, बाहेर रस्त्यावर एक पोरगं सायकलची घंटी वाजवत गेलं. त्यानं चहा प्यायला. आपण वेडे आहोत, असं त्याला छान वाटायला लागलं.

बावीस बाकी असताना गाडीत टिंग, टिंग वाजायला लागलं. शेजारच्या सीटवर कुणी बसलं आणि बेल्ट लावला नाही की वाजतं ते. तो उठून काचेशी गेला. सीट रिकामी होती. सीटखालचा सेन्सर ओल धरतो, कधी कधी असं होतं. त्याला ते माहीत होतं. तो सेन्सरची वायर काढायला पक्कड घ्यावी म्हणून पाठमोरा होऊन हत्यारांच्या पेटीकडे वळला.

खट्.

वाजणं थांबलं.

तो वळला तेव्हा शेजारचा बेल्ट लावलेला होता. पट्टा सीटवर टेकलेला नव्हता. सीटपासून वीतभर पुढे, हवेत, तिरका.

तो मागे सरकला, पार भिंतीला टेकेपर्यंत. चावी काढावी असं शंभरदा मनात आलं. पण चावी काढली तर आकडा उरेल. आणि मग पुढच्या वेळी तिथे खरंच कुणीतरी असेल.

पाच बाकी. ड्रायव्हरच्या सीटची मोटर गुणगुणली. सीट मागे सरकायला लागली. हळूहळू, थांबत नाही अशी, आणि गेली ती पार शेवटच्या टोकाला. त्या घरात एवढे लांब पाय एकाच माणसाचे होते.

त्याला आजवर वाटत होतं की तो ताईला वाचवतोय.

मग ड्रायव्हरचा बेल्ट खांबातून निघाला. त्यानं डोळे मिटले नाहीत, पण नीट पाहिलंही नाही. खट् एवढं ऐकलं. दोनशे तीन. शेवटच्या किलोमीटरला दोन मिनिटंही लागत नाहीत. ती दोन मिनिटं त्याला अजून संपलेली वाटत नाहीत.

दोनशे चार.

मागची भिंत लाल झाली. ब्रेकचे दिवे. फिरती चाकं जागच्या जागी थांबली, सगळी गाडी लिफ्टच्या हातांवर पुढे हिसकली, आणि इंजिन गुदमरून बंद पडलं. दोन्ही पट्टे एकदम ताठ झाले.

शांतता. इतकी की गरम लोखंड थंड होताना टिकटिकतं ते ऐकू यावं.

मग शेजारच्या बेल्टचं बटण दाबलं गेलं. पट्टा सुटला, सावकाश मागे गेला आणि त्याची कडी खांबावर हलकेच आपटली. टक्.

"सुटली," तो मोठ्यानं म्हणाला. "सुटली गं बाई." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते आनंदाचं होतं, हे त्याला आजही शपथेवर सांगता येईल.

मग तो दुसऱ्या खटक्याची वाट बघत उभा राहिला.

दुपार झाली. उन्हं शटरच्या आतून सरकत बाहेर गेली. ड्रायव्हरचा पट्टा तसाच होता, सीटपासून हातभर पुढे, एखाद्या रुंद छातीवर असावा तसा. ढिला पडला नाही, हलला नाही. ब्रेकचे दिवे मंद होत होत विझले. त्यानं शटर ओढलं आणि घरी गेला.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आधी ताईकडे गेला. ताई चिमणीचा पाय तेल लावून चोळत होती. तो दारातच उभा राहिला.

"टर्बो गेला नव्हता. मी खोटं बोललो."

"माहितेय. तुला खोटं बोलता येत नाही," ताई म्हणाली.

"मला त्या गाडीची भीती वाटते, ताई. का ते विचारू नकोस. ती आता कुणी चालवणार नाही. मी दुसरी बघतो, तोवर चिमणीला मी उचलून बसमध्ये बसवेन. रोज. पाय माझ्या मांडीवर ठेवेल ती."

भाऊजी आतून काहीतरी बोलायला आले आणि त्याचा चेहरा बघून तसेच परत आत गेले. ताईनं तेलाची वाटी बाजूला सरकवली.

"मग नको ती गाडी," ती म्हणाली. "एवढंच तेव्हा सांगायचं होतंस ना, वेड्या. मी काय विचारणार होते?"

"मामा उचलणार असेल तर मी बसनं जाते," चिमणी म्हणाली. "तू आहेसच क्रेनएवढा."

त्यानं दोघींना नेऊन आणलं. मग गॅरेज उघडलं. पट्टा तसाच ताठ होता. बटण दाबलं, सुटेना. स्कॅनर त्यानं लावला नाही. लिफ्ट खाली घेतली, ड्रायव्हरचं दार उघडलं आणि पेटीतली धारदार सुरी काढली. पात्याची धार स्वतःकडे केली, डाव्या हाताची चार बोटं पट्ट्याच्या आतून घातली, म्हणजे चुकून पातं सटकलं तर आत कुणाला लागू नये. आणि धागा धागा करत कापला. कापताना तो हळू आवाजात म्हणत होता, "झालं. झालं हं आता."